चौकीला लागलेली हळद

बस पाठवतो म्हणालात आणि पाठवली नाहीत. म्हणजे तुम्ही खोटं बोललात. याला दुसरा मऊ शब्द नाही, आणि असला तरी तो तुमच्यासाठी वापरायची इच्छा नाही. तुमच्या वकिलातीच्या कचेरीच्या दाराला पितळी पाटी आहे, आत गार हवा आहे, भिंतीवर आपल्या देशाचा भलामोठा नकाशा आहे. त्या नकाशाखाली बसून तुम्ही परक्या शहरात अडकलेल्या आपल्याच माणसांना फोनवर सांगितलंत की घाबरू नका, घरातच थांबा, कोणाचीही बाजू घेऊ नका, बस निघाली आहे. लोकांनी ऐकलं. बॅगा भरून दाराशी ठेवल्या. त्या बॅगांना ठेच लागून लोकांचे अंगठे फुटले, पण बस काही दिसली नाही. तिची वाट बघताना एका घरात काय झालं ते आता ऐका. वेळ नसेल तरी ऐका. त्या घरानं तुमच्या फोनवरची सतार याहून कितीतरी जास्त वेळ ऐकून घेतली आहे.

घर म्हणजे खरं तर लॉंड्री. नदीजवळच्या गल्लीत खाली दुकान, दुकानामागे धुण्याची खोली, वर दोन खोल्या आणि त्यावर गच्ची. लॉंड्री चालवणाऱ्या बाईला सगळे वहिनी म्हणायचे. सुरुवात केली ती आपल्याकडून नोकरीला आलेल्या चार पोरांनी. त्यांचं ऐकून समोरचा चांभार म्हणू लागला, मग औषधवाला, मग अख्खी गल्ली. त्या लोकांना वाटायचं, हे बाईचं नावच आहे. पुलाजवळच्या पोलीस चौकीचा फौजदारसुद्धा मोठ्या अदबीनं वहिनी म्हणायचा. त्यासाठी आधी तिच्या नवऱ्याचा भाऊ व्हावं लागतं, हे त्याला कोण सांगणार?

तिच्या नवऱ्याला शेठ म्हणायचे. दुकान त्याच्या नावावर म्हणून शेठ. पण दुकानात स्टूल एकच, आणि त्यावर कायम कपड्यांचे गठ्ठे, त्यामुळे हा शेठ सकाळी उभा राहिला की रात्री जेवायलाच बसायचा.

आणि तिसऱ्या वन्सं. वन्सं म्हणजे शेठची थोरली बहीण, वहिनीची नणंद. महिनाभर भावाकडे राहून परदेश बघायला आल्या होत्या. पाहुणचाराचे चार दिवस जातात न जातात तोच शहरात संचारबंदी लागली. विमानं बंद. त्यामुळे वन्संनी बघितलेला परदेश म्हणजे लॉंड्रीची मागची खोली, तिथली मोरी आणि गजांच्या खिडकीतून दिसणारी शेजाऱ्याची भिंत. "भिंत मात्र परदेशी आहे हो," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आपल्याकडे इतका सरळ गिलावा कोण करतंय?"

गडबड कशावरून सुरू झाली हे शेठनं बहिणीला पुन्हा पुन्हा समजावलं होतं. सरकारनं एक कायदा आणला, शिकणाऱ्या पोरापोरींना तो पटला नाही, सरकारनं त्यांचं ऐकलं नाही, पोरं रस्त्यावर आली. वन्सं दर वेळी एवढंच विचारायच्या, की ऐकून घ्यायला सरकारचं काय जात होतं? आंदोलनाचा रंग पिवळा, प्रत्येकाच्या गळ्यात पिवळा रुमाल. पोलिसांचे सदरे पांढरे. मधे नदी, नदीवर पूल. पुलाच्या अलीकडच्या तोंडाला चौकी आणि लोखंडी अडथळे, पलीकडच्या तोंडाला पोरांनी रचलेले टायर आणि शाळेतली बाकं. रोज दुपारी तिकडून दगड यायचे, इकडून अश्रुधूर जायचा, आणि दिवस मावळला की दोन्हीकडचे दमून गप्प व्हायचे.

वहिनीची लेक पुलापलीकडे होती. दातांच्या डॉक्टरकीला होती, तिथल्याच हॉस्टेलात राहायची. घरी आली की आधी सगळ्यांना ओळीत बसवून तोंडं उघडायला लावायची. वन्सं तिला दातवाली म्हणायच्या. त्या दिवशी सकाळी दातवालीचा निरोप आला, आणि तो वाचून वहिनीच्या हातातली इस्त्री तशीच हातात राहिली.

"आई, मेस बंद झाली. बाकीच्या मुलींना त्यांच्या घरचे येऊन घेऊन गेले. आज संध्याकाळी हॉस्टेलला कुलूप लावणार आहेत. वॉर्डनबाई म्हणतात, तुमच्या लोकांची बस येणार आहे ना, मग तिची वाट बघ. बस येतेय ना?"

शेठनं लगेच कचेरीला फोन लावला. आधी यंत्रातली बाई बोलली. तिनं हा आकडा दाबा, तो आकडा दाबा, असं करत सगळी बटणं दाबून घेतली आणि मग सतार सुरू झाली. शेठनं रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला आणि दोन्ही हातांनी चादरीच्या घड्या घालायला घेतल्या. सतारीत मधूनच एक माणूस यायचा, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं सांगायचा आणि पुन्हा सतारीत बुडून जायचा. वन्सं म्हणाल्या, "महत्त्वाचा आहे तर उचल की मेल्या."

इथे आता पाण्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं पाण्यानं केलं.

वहिनी आणि वन्सं दोघींच्या गावात पाणी टँकरनं यायचं. ज्या बाईनं लहानपणी टँकरखाली हंडा धरून धक्के खाल्ले आहेत, तिला मोरीतून वाहत जाणारं पाणी बघवत नाही, मग ती कुठल्याही देशात जाऊन राहो. वहिनीनं मागच्या खोलीत दोन निळी पिंपं ठेवली होती. पांढरे कपडे खळबळून काढले की त्यांचं शेवटचं पाणी मशिनशेजारच्या पिंपात जायचं, पुढचे पांढरे कपडे भिजत घालायला. रंगीत कपड्यांचं पाणी मोरीशेजारच्या पिंपात, फरशीला आणि संडासाला. बरे दिवस होते तेव्हा शेठ या पिंपांना हसायचा. पण गडबड सुरू झाली, नळाची धार करंगळीएवढी झाली, गल्लीतल्या दुसऱ्या लॉंड्रीनं दार लावलं, आणि वहिनीचं दुकान त्या दोन पिंपांवर चालू राहिलं. मग शेठ हसायचा बंद झाला.

आदल्या दिवशी आंदोलनातल्या दोन मुली मागच्या दारानं एक बोचकं टाकून गेल्या होत्या. त्यांच्याकडची काही पोरं अलीकडच्या तीरावरही होती. बोचक्यात पिवळे रुमाल होते आणि रुमालांत इतका धूर मुरलेला, की गाठ सोडली तशी वहिनीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. शेठ घाबरला. त्याचं म्हणणं, कचेरीनं सांगितलंय ना, कोणाची बाजू घ्यायची नाही.

"धुण्याला बाजू दोनच असतात," वहिनी म्हणाली, "उलटी आणि सुलटी. तुम्ही गाठी सोडा."

कापड नवं आणि स्वस्तातलं, त्यामुळे रंग भडाभडा गेला. तेवढं पाणी वहिनीनं मोरीकडच्या पिंपात ओतलं आणि ती झोपायला गेली.

तर इकडे सतार वाजतेय, आणि अशा वेळी दुकानाचं अर्धं शटर वर करून फौजदार आत आला. मागे दोन शिपाई, त्यांच्या पाठीवर पोती, आणि अंगात नुसते बनियन. फौजदार बोलू लागला. चौकीचं पाणी तुटलेलं, आठवडाभर कोणी घरी गेलेलं नाही, सदऱ्यांना असा वास येतो की आपलीच माणसं आपल्याजवळ उभी राहत नाहीत. आणि आज दुपार कलली की मोठे साहेब पाहणीला येणार. त्यांना माणसं स्वच्छ दिसली पाहिजेत. डोकं फुटलेलं चालेल, कॉलर मळलेली चालणार नाही.

वहिनीनं पोत्यांकडे बघितलं, मग फौजदाराकडे.

"देते धुऊन. पण पुलावरून आमची गाडी जाऊ द्यायची. लेकीला आणायचंय."

फौजदारानं मान हलवली. पुलावरून काही सोडायचं नाही असा हुकूम होता, रुग्णवाहिका सोडून.

"मग तुमच्या साहेबांना सांगा, वासाची पाहणी करा."

पोती आणणाऱ्या शिपायांपैकी एक हसला आणि फौजदारानं वळून बघितल्यावर खोकला. फौजदार जरा वेळ दाढीचे खुंट खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, की सदरे धुऊन आणा, गाडी सोडतो. एकदा जायची, एकदा यायची. याहून जास्त मागू नका. वहिनीनं हात पुढे केला. फौजदारानं तो हातात घेतला. व्यवहार पक्का झाला.

मग दोघी बायका भिडल्या. वीज नव्हती, शटर खाली ओढलेलं, मागच्या खोलीत गजांच्या खिडकीतून येईल तेवढाच उजेड. मशिन बंद, सगळं हातानं. साबणानं चोळायला नळाचं पाणी कसंबसं पुरलं. खळबळायला आणि भिजवायला मशिनशेजारचं पिंप होतं आणि ते नशिबानं काठोकाठ भरलेलं होतं. वहिनीला थोडं नवल वाटलं, कालपर्यंत ते अर्धंच होतं. पण लेकीला कुलूपबंद दारासमोर बसलेलं डोळ्यांसमोर बघणारी बाई पिंपाचा हिशोब किती वेळ करणार? भिजवले, दोघींनी दोन टोकांना धरून पिळले, टोपल्यांत भरले आणि गच्चीवर नेले.

गच्चीवर लख्ख ऊन होतं. पहिला सदरा दोरीवर झटकला, दुसरा झटकला, चिमटे लावले. तिसऱ्याला वहिनीचा हात थांबला. तिनं पहिल्या सदऱ्याची कॉलर धरून उजेडाकडे केली. मग दुसऱ्याची. मग टोपली उपडी केली.

सगळे पिवळे. फिकट नाही, डाग नाही, एकसारखे, छान मुरलेले पिवळे. खांद्यावर बिल्ले, छातीवर खिसे, आणि अंगभर आंदोलनाचा रंग.

"वन्सं," वहिनी अगदी हळू आवाजात म्हणाली, "मोरीकडचं पिंप कोणी रिकामं केलं?"

वन्संनी चिमटा तोंडातून काढला. "मी. पहाटे उठले होते. एवढं भरलेलं पिंप संडासात ओतायचं, जीवच धजेना गं. ओतलं या पिंपात. का?"

"ते रुमालांचं पाणी होतं."

"मग निळ्या पिंपात, काळ्या अंधारात, मला ते दिसणार कसं?" वन्सं एकदम भांडायच्या सुरात बोलल्या आणि मग त्यांचं दोरीकडे नीट लक्ष गेलं. त्या कमरेवर हात ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिल्या. "अगं बाई. अख्ख्या चौकीला हळद लागली."

वहिनीला रडायचं होतं. तिनं तोंड उघडलं रडायलाच, पण त्यातून हसू बाहेर पडलं. मग वन्संनाही आवरेना. दोघी गच्चीच्या फरशीवर बसून, एकमेकींच्या खांद्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. डोळे पुसायला गेली तेव्हा वहिनीला दिसलं, आपलेही हात मनगटापर्यंत पिवळे झालेत. वन्सं म्हणाल्या, बरं झालं, नीळ संपली होती. नाहीतर पिवळ्यात निळं पडून सगळ्यांचे पोपट झाले असते.

मग हसू संपलं. पुन्हा धुवायचं तर नळ केव्हाच कोरडा पडला होता. लेकीच्या हॉस्टेलला संध्याकाळी कुलूप लागणार, म्हणजे लागणार. खाली जाऊन शेठला सांगितलं तर त्याचा खांद्यावरचा रिसीव्हरच निसटला. त्यानं तो पुन्हा कानाला लावला, सतार चालूच होती. तो म्हणाला, आता फौजदार आपल्यालाच आत टाकणार, आणि आत टाकलं तर पोरीचं काय? वहिनी म्हणाली, न्यायचे. ठरलंय धुऊन द्यायचं, ते देऊ. पुढचं तिथे बघू.

एक गोष्ट मात्र दोघींच्या लक्षात आली नव्हती. संचारबंदीत माणसाला दुसरा उद्योग नसतो, सगळं गाव गच्चीवर असतं. आजूबाजूच्या गच्च्यांवरून लोकांनी दोरीवरचे सदरे बघितले, खांद्यावरचे बिल्ले बघितले, रंग बघितला. कोणीतरी फोनवर फोटो काढला. सदरे वाळायच्या आत बातमी नदीपलीकडे पोचली होती, की अलीकडची चौकी फुटली, पोलीस आपल्या बाजूला आले.

वन्सं फोनपाशी थांबल्या. "तुम्ही पोरीला घेऊन या," त्या रिसीव्हर हातात घेत म्हणाल्या, "मी बसते ही मैफल ऐकत." शेठनं गाडी काढली, वहिनी मांडीवर घड्यांचा गठ्ठा घेऊन शेजारी बसली. कोळशाची इस्त्री काढून घड्या अशा कडक केल्या होत्या, की रंगाकडे बघितलं नाही तर नाव ठेवायला जागा नव्हती.

फौजदारानं गठ्ठ्यावरची चादर काढली. वरचा सदरा उचलला, खालचा उचलला, त्याखालचा उचलला. मग तो बोलायला लागला. तो जे बोलला त्यातलं निम्मं वहिनीला त्या भाषेत येत नव्हतं, आणि जे निम्मं येत होतं ते तिनं येत नसल्यासारखं ऐकलं. शेठ गाडीतच बसून स्टिअरिंगला घट्ट धरून होता. मोठे साहेब कोणत्याही क्षणी येतील, साहेब काय म्हणतील, असं फौजदार म्हणत असतानाच आतला फोन वाजला. तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. मोठे साहेब येत नव्हते. रस्ता सुरक्षित नाही म्हणे.

बघा, म्हणजे हे सगळीकडेच आहे. तिकडचे मोठे साहेब आणि इकडची तुमची बस, दोघांची चाल एकच.

तोवर एका जाडजूड, पिकल्या मिशीच्या हवालदारानं पुढे होऊन आपला सदरा शोधून काढला होता. त्यानं तो नाकाशी नेला, डोळे मिटून साबणाचा वास घेतला आणि घातला. नदीवरून गार वारा सुटला होता, आणि आठवडाभरानं धुतलेला कपडा अंगाला लागला की माणूस रंग बघत नाही. दुसऱ्यानं घातला. तिसऱ्यानं घातला. फौजदार नको नको म्हणेपर्यंत पुलाच्या तोंडाशी पिवळी रांग उभी होती, आणि बटणं लावत एकमेकांकडे बघून दात काढत होती. हवालदाराची ढेरी पिवळ्यात अशी उठून दिसत होती, की वहिनीला वाटलं आता याच्या डोक्याला बाशिंग तेवढं बांधायचं राहिलं.

मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की आवाज नाही. दुपार कललेली, म्हणजे दगडांची वेळ. पण एक दगड आला नव्हता. पलीकडच्या तोंडाला टायरांमागे शेकडो पोरं उभी होती, हात खाली सोडलेले, आणि इकडे बघत होती. कोणीतरी एक टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळा पूल वाजायला लागला.

फौजदारानं कपाळाला हात लावला. काढा, काढा ते, असं तो ओरडला. हवालदार शांतपणे म्हणाला, की साहेब, काढतो, पण काढले की लगेच दगड येतील. आज जरा राहू द्या, कान बरे वाटताहेत.

वहिनीनं ही वेळ बरोबर धरली. ती फौजदारासमोर जाऊन उभी राहिली.

"धुऊन द्यायचं ठरलं होतं, दिले. रंगाचं बोलणं झालं नव्हतं. आता गाडी सोडा."

"वहिनी," फौजदार रडकुंडीला येऊन म्हणाला, "उद्या माझी नोकरी गेली तर?"

"तर लॉंड्रीत या. पांढरं आणि रंगीत वेगळं ठेवणारा माणूस आम्हाला हवाच आहे."

फौजदार तिच्याकडे बघत राहिला. आधी त्याच्या मिशा हलल्या, मग खांदे हलले, आणि मग तो माणूस आठवडाभराचं सगळं बाहेर काढावं तसा हसला. त्यानं स्वतः जाऊन अडथळा बाजूला ओढला. जा, म्हणाला, माझं डोकं ठिकाणावर यायच्या आत जा.

पूल तसा लांब नाही. पण टायरांपर्यंत जाईस्तोवर शेठनं आठवतील तेवढ्या देवांची नावं घेतली. तिथे गाडीला पोरांनी गराडा घातला. कालची बोचकंवाली मुलगी, रात्रीच होडीनं पलीकडे परतलेली, त्यात होती. तिनं वहिनीचे पिवळे हात बघितले, खिडकीतून आत हात घालून ते धरले आणि विचारलं, की हे तुम्ही केलंत? वहिनी खरं बोलणारी बाई. ती म्हणाली, मी नाही, आमच्या वन्संनी. आता वन्सं म्हणजे काय हे त्या मुलीला काय ठाऊक? तिला वाटलं, कोणी मोठी पुढारी असणार. तिनं मागे वळून नाव सांगितलं, मागच्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं, आणि बाकं सरकवून गाडीला वाट करून देताना सगळ्या जमावानं मुठी वर करून घोषणा दिल्या. वन्सं, वन्सं. शेठ गाडी चालवता चालवता रडावं की हसावं अशा चेहऱ्यानं म्हणाला, "ताईला हे सांगू नकोस. उद्यापासून चहा खोलीत मागेल."

हॉस्टेलच्या फाटकाला कुलूप लागलेलं होतं. संध्याकाळची वाटही बघितली नव्हती त्या बाईनं. फाटकाबाहेर, भिंतीच्या सावलीत, बॅगेवर दातवाली बसली होती. मांडीवर प्लास्टरचा जबडा, वरचा आणि खालचा. बॅगेत मावला नव्हता आणि टाकवत नव्हता. रस्त्यावर दुसरं माणूस नव्हतं. गाडीचा आवाज ऐकून ती उठली ती बसच्या आशेनं, आणि लॉंड्रीची गाडी ओळखल्यावर तिनं जबडा बॅगेवर ठेवून दिला. वहिनी गाडी थांबायच्या आत उतरली. तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, गाल दाबले, कपाळ चाचपलं, ताप नाही ना बघितलं. मग लेकीनं आईचे हात आपल्या तोंडासमोर धरले.

"आई, हे काय? कोणाची हळद होती?"

"चौकीची."

लेकीनं नाक पुसलं, थोडा विचार केला. "आत्यानं पिंप ओतलं," ती म्हणाली.

शेठ जबडा पुढच्या सीटवर ठेवत होता. तो म्हणाला, बस बस, दातवालीबाई, गाडीत बस, रोगनिदान घरी जाऊन कर. सकाळपासून ती बिस्किटांच्या पुड्यावर होती. वहिनीनं आणलेल्या डब्यातली भाकरी तिनं गाडीतच खाल्ली, आणि खाताना मधेच विचारलं, बस कुठे चुकली? वहिनीच्या मनात तेव्हा पहिल्यांदा राग आला. सकाळपासून रागाला वेळच मिळाला नव्हता.

परत येताना पूल शांत होता. पिवळ्या सदऱ्यातले पोलीस रेलून उभे होते. हवालदारानं गाडीत डोकावून पोरीकडे बघितलं, समाधानानं मान हलवली, आणि मग जबड्याकडे बघून आपलं तोंड उघडून मागची दाढ दाखवली. तिनं तिथल्या तिथे सांगितलं, काढावी लागेल. तो म्हणाला, आधी हे सगळं मिटू दे.

मिटलं नाही, ते सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी दगडही आले आणि धूरही. फौजदाराला वरून ओरडा बसला, नोकरी राहिली, आणि नळाला पाणी आल्यावर सगळे सदरे वहिनीला पुन्हा धुऊन द्यावे लागले. पिवळेपणा कॉलरच्या शिवणीतून शेवटपर्यंत गेला नाही. पण त्या एका दुपारी त्या पुलावर कोणाचं डोकं फुटलं नाही, आणि एक पोरगी घरी आली.

घरी वन्सं शटरच्या आत, गठ्ठे खाली ठेवून मोकळ्या केलेल्या स्टुलावर बसल्या होत्या. रिसीव्हर कानाला, मान सतारीवर डुलत होती. भाचीला बघितल्यावर त्या उठल्या, तिला जवळ घेतलं, पण रिसीव्हर सोडला नाही. त्यामुळे दोघी त्या वायरीत गुंडाळल्या गेल्या. वन्सं म्हणाल्या, की पुलाकडून कोणीतरी मला हाका मारतंय असं मघाशी वाटलं, भास झाला की काय? शेठनं वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, भासच.

आणि तेवढ्यात सतार थांबली.

एक खराखुरा माणूस बोलत होता. झोपेतून उठल्यासारखा आवाज. त्यानं विचारलं, आपण किती जण आहात, बॅगा किती आहेत, आणि सांगितलं, बस मार्गस्थ आहे, कृपया घरातच थांबा. वहिनीनं वन्संच्या हातातून रिसीव्हर घेतला. पिवळा अंगठा काळ्या रिसीव्हरवर उमटला.

"आमची लेक आम्ही आणली," ती म्हणाली. "आता आम्हाला कुठे जायचं नाही. मला एवढंच सांगा, ती बस कुठे आहे?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. कोणीतरी कोणालातरी काहीतरी विचारलं. मग तो माणूस म्हणाला, की जरा थांबा हं, आणि सतार पुन्हा सुरू झाली.

वहिनीनं रिसीव्हर ठेवला नाही. तिनं पायानं स्टूल ओढलं आणि बसली. शेजारी दातवाली आत्याला आ करायला लावून बघतेय, शेठ उभ्याउभ्या भाकरी खातोय, आणि वहिनीच्या खांद्यावर रिसीव्हर आहे. तिला घाई नाही. टँकरची वाट बघत मोठी झालेली बाई आहे ती.

तुमच्या टेबलावर जो दिवा लुकलुकतोय तो तिचाच आहे. तो फोन उचला आणि सांगा. बस निघाली होती की नव्हती? निघाली असेल तर कुठे गेली, आणि नसेल तर बॅगा भरून बसा असं कोणाच्या जिवावर सांगितलंत?